दाढ, खुर्ची आणि घेरी : हैदराबादची १८८९ ची कुत्री आणि नांदेडची एक आई

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात करतो एका निरोपापासून. नांदेडहून एका ताईंनी पाठवला आहे. त्यांची आई बासष्ट वर्षांची. मे महिन्यात दाढ काढायला गेल्या. एकादशी होती, पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. खुर्चीत बसल्या, इंजेक्शन दिलं, आणि मिनिटभरात चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, "मला कसंतरी होतंय" म्हणाल्या आणि मान टाकली. डॉक्टरांनी खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले, दोन मिनिटांत आई शुद्धीवर. दाढ त्या दिवशी राहिली ती राहिलीच. आता घरात सगळे म्हणतात, "आईला इंजेक्शन अंगावर येतं." दाढ ठणकते, गाल सुजतो, गोळ्या खाऊन दिवस काढणं चालू आहे. ताईंचा प्रश्न एवढाच आहे: खरंच इंजेक्शन अंगावर आलं होतं का?

मंडळी, हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. दात काढताना माणसाचा रक्तदाब एकदम का पडतो, दोष औषधाचा, हृदयाचा, भीतीचा की आणखी कशाचा, यावर जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी शंभरेक वर्षं वाद घातला. आणि त्या वादाचा एक फार मोठा अंक आपल्याच राज्यात झाला. आपल्या म्हणजे तेव्हाच्या. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि तो अंक हैदराबाद शहरात घडला.

थोडं मागून सुरू करू.

भुलीचं औषध आणि दात यांचं नातं पहिल्यापासूनचं आहे. १८४४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, घेऊन स्वतःचीच दाढ काढवून घेतली. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, तिथे ईथर देणारा विल्यम मॉर्टन हाही दंतवैद्यच. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. वास गोड, काम झटपट, रुमालावर चार थेंब टाकले की झालं. सगळं जग खूश.

पण तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली गेली. मोठी शस्त्रक्रिया नाही, रक्तस्राव नाही. नख! आणि मग अशा बातम्या येत राहिल्या. त्यात एक गोष्ट सगळ्यांना खटकू लागली. पाय कापायच्या मोठ्या शस्त्रक्रियेत माणूस वाचतोय आणि दाढ काढताना, नख काढताना जातोय. असं का?

यावर दोन तट पडले. लंडनचे जॉन स्नो आणि त्यांच्या बाजूचे म्हणत, क्लोरोफॉर्म हृदयावर घाव घालतं, म्हणून नाडी सोडू नका. एडिंबरोचे शल्यविशारद जेम्स साइम आणि त्यांचे शिष्य म्हणत, आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून नाडी बघत बसू नका, श्वास बघा. वाद नुसता पुस्तकी नव्हता. भूल देणाऱ्याने बोट कुठे ठेवायचं आणि डोळे कुठे ठेवायचे, यावर समोरच्याचा जीव अवलंबून होता.

आता या कथेत हैदराबाद येतं. साइमचे एक विद्यार्थी, एडवर्ड लॉरी, हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. अफझलगंजचं रुग्णालय आणि हैदराबादचं वैद्यकीय विद्यालय दोन्ही त्यांच्या हाताखाली. गुरूंचा श्वासाचा सिद्धांत त्यांनी इथे कडक पाळला आणि तोच विद्यार्थ्यांना शिकवला. याच विद्यालयात त्या काळात रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी शिकत होती. पुढे क्लोरोफॉर्म देण्याचंच काम करणारी ती जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक झाली.

१८८८ मध्ये लॉरींनी निजाम सरकारच्या मदतीने पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन नेमलं. कुत्र्यांवर प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की श्वास आधी थांबतो. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला ते पटलं नाही. त्यावर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने देऊ केलं ते बघा: १००० पौंड! तुमचा माणूस पाठवा, आमच्या खर्चाने, आणि समोर बसून पुन्हा प्रयोग करा. त्या काळी ही फार मोठी रक्कम. आता ही तिजोरी कुणाची, तर निजामाची. पण त्या तिजोरीत नांदेडकडच्या रयतेचा शेतसाराही जात होता. म्हणजे जगातल्या भूलशास्त्राच्या एका मोठ्या प्रयोगाला गोदाकाठच्या शेतकऱ्याचाही थोडा हात लागला आहे, त्या बिचाऱ्याला पत्ता नसताना.

लॅन्सेटने पाठवलं ते सर्वांत जाणत्या माणसांपैकी एकाला. डॉ. लॉडर ब्रंटन, लंडनचे औषधशास्त्राचे मोठे अभ्यासक. आणि इथे आपल्या विषयाचा खरा धागा लागतो, कारण ब्रंटन यांचं मन दाढेत अडकलेलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. दात उपटला की दोन गोष्टी होतात. एक, वेदनेने हृदयाकडे जाणारी मज्जा, जिला व्हेगस म्हणतात, ती हृदयाला लगाम घालते. दोन, त्याच वेदनेने रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब सावरला जातो. जागा माणूस दोन्ही करतो, म्हणून वाचतो. पूर्ण भूल दिलेला माणूस दोन्हीपैकी काहीच करत नाही, म्हणून तोही वाचतो. पण अर्धवट भूल दिलेला? त्याचा लगाम चालू आणि सावरणं बंद. रक्तदाब कोसळतो. दाढ काढायला डॉक्टर थोडंसंच क्लोरोफॉर्म देतात, "एवढ्याशा कामाला कशाला जास्त" म्हणून, आणि तिथेच घात होतो.

किती सुंदर विचार आहे बघा. हा विचार घेऊन ब्रंटन १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादला आले. डिसेंबरपर्यंत काम चाललं. कुत्री, माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं, ससे मिळून चारशे नव्वद प्राणी. त्यांपैकी १२० प्राण्यांच्या धमनीला पाऱ्याची नळी जोडून रक्तदाबाची रेघ फिरत्या कागदावर उमटवली. लक्षात घ्या, आज दंडाला गुंडाळतात तो पट्टा तेव्हा नव्हता. इटलीच्या रिव्हा-रोची यांनी तो १८९६ मध्ये आणला. त्याआधी रक्तदाबाची अशी चालती रेघ बघायची तर धमनी उघडावी लागे. म्हणजे हैदराबादच्या त्या खोलीत जे दिसत होतं, ते कुठल्याही दंतवैद्याने आपल्या रुग्णात कधी पाहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी दात काढले. कुत्र्यांना अर्धवट भूल देऊन दात उपटले, नखं काढली, धक्का बसायला कुप्रसिद्ध असलेल्या सगळ्या बारीक शस्त्रक्रिया करून पाहिल्या. आणि काय झालं? काहीच नाही. रेघ थोडी वरखाली व्हायची, प्राणी तडफडला की होते तेवढीच. घेरी नाही, हृदय थांबणं नाही. ब्रंटन यांचा सुंदर विचार कुत्र्यापुढे टिकला नाही. त्यांनी प्रांजळपणे मत बदललं आणि लंडनला तार केली: धोका गुदमरण्याचा किंवा जास्त मात्रेचा, हृदयावर थेट काहीच नाही. लॉरी जिंकले.

जिंकले, पण बरोबर होते का? अर्धेच. श्वासाकडे लक्ष ठेवा हा सल्ला सोन्यासारखा होता, आजही आहे. पण १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये अॅड्रिनलिन उसळलं, की हृदयाची लय तुटून ते नुसतं थरथरत राहतं आणि माणूस जातो. आणि अॅड्रिनलिन कशाने उसळतं? भीतीने, वेदनेने. म्हणजे हलकी भूल आणि घाबरलेला माणूस हीच जोडी घातक, हे ब्रंटन यांनी हैदराबादला येण्याआधी ओळखलं होतं. कारण चुकीचं दिलं, पण जागा बरोबर दाखवली होती. हैदराबादहून परत जाताना मात्र ती जागा सोडून गेले.

आता मला विचाराल तर, १८८९ च्या त्या खोलीत एक गोष्ट नव्हती. तिथे माणूस नव्हता. दाढेने रात्रभर जागलेला, उपाशी, घाबरलेला, खुर्चीत ताठ बसलेला माणूस. कुत्रा चार पायांवरचा प्राणी आहे. त्याचं डोकं आणि हृदय साधारण एका पातळीत. माणूस उभा प्राणी आहे. त्याच्या डोक्याला रक्त चढावं लागतं. आपल्या आजच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या फरकात आहे.

उरलेलं निम्मं यायला आणखी चाळीस-पन्नास वर्षं लागली. १९३२ मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी या घेरीचा नीट अभ्यास मांडला आणि 'व्हॅसोव्हेगल' हे नाव पक्कं केलं. व्हॅसो म्हणजे रक्तवाहिन्या, व्हेगल म्हणजे ती व्हेगस मज्जा. त्यांनी सांगितलं की नाडी मंद होते हे खरं, पण औषधाने नाडी परत वाढवली तरी माणूस लगेच सावरत नाही. म्हणजे मुख्य चोर रक्तवाहिन्यांत आहे. मग दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, हेन्री बारक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांचं रक्त काढून घेरी आणवली आणि हाताच्या स्नायूंतला रक्तप्रवाह मोजला. घेरीच्या क्षणी स्नायूंतल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्त तिकडे धावतं, हे त्यांना दिसलं.

सोप्या भाषेत सांगतो. घाबरलं की शरीर आधी पळायची तयारी करतं. छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे जातं. पळालात तर ठीक. चालणारे पाय पंपासारखे रक्त वर ढकलतात. पण तुम्ही पळत नाही, खुर्चीचे हात घट्ट धरून बसता. रक्त पायात साठतं. आणि मग अचानक शरीर तयारी सोडून देतं. नाडी मंदावते, वाहिन्या सैल पडतात, रक्तदाब धाडकन खाली. मेंदूला रक्त कमी पडलं की डोळ्यांपुढं अंधारी, कानात आवाज, जांभया, मळमळ, घाम, आणि घेरी.

आणि घेरी आली की माणूस काय करतो? पडतो. मंडळी, पडणं हाच इलाज आहे! आडवं झालं की डोकं आणि हृदय एका पातळीत येतात, रक्त आपोआप मेंदूला पोचतं, आणि मिनिटा-दोन मिनिटांत माणूस डोळे उघडतो. जुन्या आठवडी बाजारात जमिनीवर मांडी घालून दात काढून घेणाऱ्याला घेरी आली तर तो कलंडून आडवा व्हायचा. त्या बाजारात स्वच्छता नव्हती, भूल नव्हती, जंतुसंसर्ग होऊन माणसं जायची, त्याचं कौतुक नकोच. पण घेरीपुरती जमीन त्याच्या बाजूची होती.

खुर्ची तशी नव्हती. पाठ आणि डोक्याचा टेका असलेली ताठ खुर्ची माणसाला पडूच देत नाही. मान टेकून, बसल्या बसल्या, रक्त पायात घेऊन तो बेशुद्ध राहतो. १९५७ मध्ये जे. जी. बॉर्न या इंग्रज भूलतज्ज्ञाने लॅन्सेटमध्येच यावर लेख लिहिला. तेव्हा इंग्लंडात दाताला वायूची भूल बसवूनच देत. बॉर्न म्हणाले, भुलीत असतानाच रुग्णाला घेरी येते, तो आधीच बेशुद्ध असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ताठ बसवून ठेवल्याने मेंदूला कायमची इजा होते. दोष वायूला लागतो, खरा दोष बसवण्याचा. त्यांचा सल्ला एवढाच: आडवं झोपवा. त्यावरही वाद झाला. पण योगायोग बघा, पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, पूर्ण आडवी होणारी दंतखुर्ची बाजारात आली. ती आली मुख्यतः डॉक्टरच्या पाठीच्या सोयीसाठी; जीव वाचला रुग्णांचा.

तोवर आपल्याकडे काय चाललं होतं? १९४८ हे साल मराठवाड्याच्या मनात १७ सप्टेंबरसाठी कोरलेलं आहे. त्याच वर्षी भारतात दंतवैद्यकाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी शोधलेलं लिग्नोकेन बाजारात आलं. दाताच्या दवाखान्यात आज जे इंजेक्शन मिळतं ते बहुतेक वेळा हेच, सोबत जरासं अॅड्रिनलिन. क्लोरोफॉर्म गेलं. पण दवाखाने यायला आपल्याकडे वेळ लागला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघालं. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये. आज नांदेड आणि लातूर दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत, गंजगोलाईच्या आसपास पाट्या मोजत गेलात तर दाताचे दवाखाने मोजून दमाल. बदलली नाही ती घेरी. दाताच्या दवाखान्यात अचानक उद्भवणाऱ्या प्रसंगांत आजही सगळ्यांत जास्त दिसते ती हीच.

आणि आपल्याकडे तिला खतपाणीही भरपूर. उन्हाळ्यात बेचाळीस अंशांत प्रवास करून आलेला माणूस. चतुर्थी, एकादशी, रोजा. आणि "ऑपरेशन आहे" म्हणून मुद्दाम उपाशी येणारे तर किती! दाढेच्या साध्या इंजेक्शनला उपाशी राहायची गरज नसते. उलट थोडं खाऊन, पाणी पिऊन यावं. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी आलेल्याची तर साखरही पडते, आणि ती घेरीसारखीच दिसते.

आता नांदेडच्या ताई, तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही, आणि आवाजावरून निदान करता येत नाही. पण इतिहास वाचून तीन प्रश्न सुचतात, ते आईच्या डॉक्टरांना विचारा. पहिला, अंगावर गांधी, खाज, ओठ-डोळ्यांना सूज, धाप असं काही होतं का? खऱ्या अॅलर्जीत यातलं काहीतरी बहुधा असतं. दुसरा, नाडी मंद होती की जोरात? साध्या घेरीत ती मंद असते, अॅलर्जीत सहसा जोरात पळते. तिसरा, आडवं केल्यावर किती वेळात बरं वाटलं? घेरी आडवं केल्यावर भराभर ओसरते. अॅलर्जी तेवढ्यावर भागत नाही. लिग्नोकेनची खरी अॅलर्जी फार दुर्मीळ असते. पण "अंगावर येतं" हा शिक्का एकदा बसला की माणूस आयुष्यभर दाढ सोसतो. शंका राहिलीच तर तपासणी करून घ्या, शिक्का मात्र असाच मारू नका.

पुढच्या वेळी जाताना आईला खाऊ घालून न्या. ऊन टाळा, सकाळची वेळ घ्या. डॉक्टरांना आधीच सांगा की मागे घेरी आली होती. ते खुर्ची पहिल्यापासून आडवी ठेवतील. रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, कुठल्या चालू आहेत ते सांगा. काम झाल्यावर एकदम उठवू नका, दोन मिनिटं बसू द्या. आणि एक युक्ती. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये लार्स-गोरान ऑस्ट यांनी रक्त बघून घेरी येणाऱ्यांना शिकवली: हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, मग सैल सोडायचे, वीस-तीस सेकंदांनी पुन्हा. स्नायू आवळले की रक्त वर जातं.

आणि कुणाला घेरी आलीच तर, दवाखान्यात असो की घरी: उठवून बसवू नका. आपल्याकडे सगळे पहिल्यांदा तेच करतात, धरून बसवतात, तोंडावर पाणी, नाकाला कांदा, नाहीतर चप्पल. आडवं करा, पाय वर, कपडे सैल, तोंडात कापूस असेल तर काढा. शुद्धीत नसलेल्याला पाणी किंवा साखर पाजू नका. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर वळवा. श्वास बघत राहा; तेवढं लॉरींचं ऐका. दोन-तीन मिनिटांत माणूस पूर्ण शुद्धीवर आला नाही, छातीत दुखलं, धाप लागली, तर ती साधी घेरी नाही असं समजून १०८ ला फोन करा.

हैदराबादला १८८९ मध्ये पावणेपाचशेच्या वर प्राणी वापरून प्रश्न विचारला होता की मारतं काय, हृदय की श्वास. आपल्या आईच्या बाबतीत प्रश्न साधा आहे: आई घाबरली होती, उपाशी होती आणि बसलेली होती, हे कुणी विचारात घेतलं का? ताई, तुमच्या त्या डॉक्टरांनी घेतलं. खुर्ची लगेच आडवी केली. त्यांच्याकडेच परत जा.

दाढ निघाली की निरोप पाठवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.